मनसुख, गाठिया खाली ठेव

प्रभुलाल आघारांचं तोंड बंद असलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा ते दाढ काढून आले होते. तेवढा दिवस आमची गल्ली कशी सुनीसुनी वाटली. एरवी बारा महिने त्यांच्या दुकानातून बोलणं ऐकू यायचंच. गिऱ्हाईक असलं तर गिऱ्हाइकाशी, नसलं तर कॉम्प्युटरशी. उघड्या डब्यात डोकं घालून ते विचारायचे, "बोल बाबा, काय होतंय? काल काय खाल्लंस?" आणि बाहेर बाकावर बसलेलं गिऱ्हाईक दचकून उत्तर द्यायचं, "मी? मी कढी-खिचडी."

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून होतं, मोरबीत, नेहरू गेटच्या आतल्या गल्लीत. भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा निम्मा धंदा माझ्या कानांवर चालायचा. कॉम्प्युटरच्या आधी प्रभुभाई भिंतीवरच्या घड्याळांच्या कारखान्यात होते. "घड्याळं उलटून बोलत नाहीत, कंटाळा आला, सोडलं," असं ते सांगायचे. त्यांच्या बायकोचं, रसीलाभाभींचं म्हणणं, "हेच फार बोलतात म्हणून काढलं." दोघांपैकी खरं काय ते कळायला मार्ग नाही, कारण घड्याळवाले शेठ ऐकू कमी येतं म्हणून कधीच निवृत्त झाले होते.

तेव्हा गावातल्या प्रत्येक टाइल्सच्या कारखान्यात एक-दोन कॉम्प्युटर येऊन बसले होते. बिलं करायला, वजनकाट्याच्या पावत्या काढायला. आणि कारखान्यात म्हणजे मातीची भुकटी. पिठासारखी पांढरी. ती चहावर असते, पंख्यावर असते, देवाच्या तसबिरीवर असते, तशी कॉम्प्युटरच्या पोटातही असते. त्यामुळे ते डबे महिना-दोन महिन्यांनी आजारी पडायचे आणि आतलं सगळं पुसून नव्याने चढवावं लागायचं. पण ज्याच्या आत काहीच शिल्लक नाही तो जागा कसा होणार? त्याला जागं करायला एक फ्लॉपी घालावी लागायची. त्या फ्लॉपीत दोन-चार गोष्टी असत, तेवढ्यावर तो डोळे उघडायचा आणि पुढचं काम करता यायचं. गंमत अशी की भुकटीचा सगळ्यात जास्त राग फ्लॉपीवर. घातली की कर्रर कर्रर करायची आणि मरायची.

मनसुख सारडवा यांच्या टेबलावर तर एका दुपारी एकामागून एक सगळ्या मेल्या.

मनसुखभाई वशरामभाईंच्या कारखान्यात कारकून. प्रभुभाई आणि ते टंकाऱ्याकडच्या एकाच गावचे, एकाच शाळेतले, एकाच आंब्यावरून पडलेले. मनसुखभाई अंगाने भरलेले, स्वभावाने गरीब, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्यांच्या हातात गाठिया, बेसनाचा, जाड शेवेसारखा. टेबलाच्या खणात कागदाची पुडी, बाजूला पपईचा संभारो, म्हणजे किसून परतलेली कच्ची पपई, आणि तळलेली मिरची. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं तेलाने अशी चमकायची की अंधारातही वाचता यावीत.

त्या दिवशी मी वशरामभाईंची टाइप केलेली पत्रं द्यायला तिथे गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. प्रभुभाईंनी शर्टाच्या खिशातून फ्लॉपी काढली, घातली. कर्रर. दुसरी काढली. कर्रर. तिसरी बॅगेतून, चौथी पँटच्या मागच्या खिशातून.

"प्रभुड्या, अजून कुठे कुठे लपवल्यास?" मनसुखभाई गाठिया मोडत म्हणाले. "पागोटं असतं तर त्यातूनही निघाली असती."

"तू गप्प बस. तुझ्या बेसनानेच मेल्या त्या."

"माझ्या बेसनाने माणसं जगतात. फ्लॉपी नाजूक तुझी."

"तो कीबोर्ड बघ! यात भजी तळता येतील."

"मग तळ. दुरुस्ती तर होईना तुझ्याच्याने."

सगळं ऑफिस हसलं. वशरामभाईसुद्धा चष्म्याआडून हसले. प्रभुभाईंनीही हसून घेतलं, पण परत येताना मी त्यांच्या लूनावर मागे बसले होते, तर नेहरू गेट येईपर्यंत माणूस दोनच वाक्यं बोलला. मी ओळखलं, लागलंय.

दुसऱ्या दिवशी ते एक इंग्रजी मासिक घेऊन माझ्या काउंटरवर आले. "इलाबेन, तुम्ही इंग्रजी घेऊन बी.ए. झालात ना? हे वाचा."

"प्रभुभाई, माझ्या बी.ए.त फ्लॉपी नव्हती."

"नसू दे. शब्द सांगा, बाकीचं मी समजून घेतो."

त्यात लिहिलं होतं की फ्लॉपीतलं सगळं, अगदी जसंच्या तसं, एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं, आणि ती फाइल सीडीच्या सुरुवातीला बसवली की कॉम्प्युटर फसतो. सीडी घातली असली तरी त्याला वाटतं, फ्लॉपीच घातलीय, आणि तो सुखाने जागा होतो. शिवाय सीडीत जागा भरपूर, म्हणून बाकीचं सगळं सामान तिथेच ठेवता येतं. त्या फाइलीला मासिकात 'इमेज' म्हटलं होतं. मी म्हटलं, "प्रतिमा." प्रभुभाई म्हणाले, "प्रतिमा कसली, साचा म्हणा. प्रेसमध्ये साचा असतो आणि खालून टाइल निघते, तसंच हे. या सीडीवर भुकटी बसली तर पुसायची, झालं!"

एवढं कळलं आणि त्यांच्या डोळ्यांत कसलीतरी चमक आली. पुढचा महिना आमच्या गल्लीला फार जड गेला.

सीडी लिहायचं यंत्र त्यांनी राजकोटहून आणलं होतं. ते स्वभावाने फारच भित्रं. सीडी लिहीत असताना जरा कुठे अडखळलं की सीडी वाया. म्हणून प्रभुभाई काम सुरू करण्याआधी गल्लीत येऊन ओरडायचे, "कोणी हलू नका! सीडी भट्टीत घातलीय!" समोरच्या दूधवाल्याने भांडी आपटायची नाहीत, मी झेरॉक्स मशीन चालवायचं नाही, वरच्या मजल्यावर रसीलाभाभींनी मिक्सर लावायचा नाही. एकदा ते असेच श्वास रोखून बसलेले आणि वरून मिक्सरचा आवाज आला. दिवा लुकलुकला, सीडी गेली.

"रसीला!"

"चटणी वाटतेय!" वरून उत्तर आलं. "जेवणार आहात ना, की सीडीच चावणार?"

पहिल्या कितीतरी सीड्या बिघडल्या. कधी कॉम्प्युटर तिच्याकडे बघायचाच नाही. कधी बघायचा आणि तोंड फिरवायचा. मग एकदा जागा झाला, प्रभुभाईंनी आनंदाने टेबलावर थाप मारली, आणि पुढच्या मिनिटाला खाली बसले. कॉम्प्युटर जागा झाला होता सीडीवरून, पण त्याच सीडीत ठेवलेलं बाकीचं सामान त्याला दिसेना. "सीडी कुठाय?" असं तो सीडीतच बसून विचारत होता.

"इलाबेन, हा तर माझ्या सासऱ्यांसारखा निघाला," प्रभुभाई म्हणाले. "चष्मा लावून चष्मा शोधतोय."

दोन दिवसांनी कारण सापडलं. सीडी ओळखायची जी छोटीशी फाइल लागते, ती साच्यातच घालायला हवी होती. ती त्यांनी बाहेर ठेवली होती. पेटीची किल्ली पेटीतच, असा प्रकार. किल्ली जागेवर ठेवली आणि सगळं चालू झालं. बिघडलेल्या सीड्या भाभींनी दोऱ्यात ओवून गच्चीवर कबुतरांसाठी टांगल्या. कबुतरं त्यांत तोंड बघायला येऊ लागली.

आता दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. प्रभुभाईंच्या लक्षात आलं की कॉम्प्युटर जागा होताना पडद्यावर जी वाक्यं येतात, तीही आपल्याच हातात आहेत. साधी फाइल उघडायची आणि हवं ते लिहायचं. मग काय! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा यंत्राने उलटून बोलायची सोय झाली होती. काळ्या पडद्यावर गुजराती अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत गुजराती लिहायचं. सुरुवातीला 'जय श्रीकृष्ण, वीज आहे तोवर काम उरका.' मग निवड: 'एक, सगळं पुसून नव्याने चढवा. शेठना विचारलंत का? दोन, थोडं दुखतंय, तपासून बघा. तीन, काही कळत नाही, प्रभुलालला फोन करा.' आणि खाली, 'कुठलंही बटण दाबा. कुठलंही म्हणजे कुठलंही. विचार करू नका.'

मी हसून हसून काउंटरला धरलं. तेवढ्याने त्यांना आणखी चेव आला. "थांबा, मनसुखच्या कारखान्याची सीडी खास करतो," म्हणाले, आणि जय श्रीकृष्णच्या खाली ओळ घातली: 'मनसुख, हातातला गाठिया खाली ठेव, हात पूस, मगच बटण दाब.'

ती सीडी घेऊन ते वशरामभाईंकडे गेले. मनसुखभाईंनी सीडी घातली, आणि पडद्यावर ती ओळ आली तेव्हा त्यांच्या उजव्या हातात खरोखरच गाठिया होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, गाठियाकडे पाहिलं, आणि तो सावकाश खाली ठेवला. मग जे हसू फुटलं, ते प्रेसच्या आवाजावर चढून बाहेर गोदामापर्यंत ऐकू गेलं म्हणे. मजुरांना बोलावून बोलावून त्यांनी ती ओळ दाखवली. "बघा, माझं नाव! कॉम्प्युटरला माझं नाव माहीत आहे!" आणि काम तर असं झालं की फ्लॉपीची कर्रर नाही, काही नाही, जेवणाच्या सुट्टीआधी डबा चालू.

वशरामभाईंनी ही गोष्ट कारखानदारांच्या बैठकीत सांगितली. त्यानंतर प्रभुभाईंचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. सगळ्यांना सातम-आठमच्या आधी सीडी हवी. गोकुळाष्टमीला आमच्याकडे कारखाने बंद, मजूर गावी, शेठ लोक पत्ते खेळायला मोकळे; तेवढ्यात कॉम्प्युटर साफ करून ठेवायचे असा सगळ्यांचा बेत. प्रभुभाईंनी सीड्यांचा डबा आणला, गल्लीला हलायची बंदी केली आणि भट्टी पेटवली.

घोटाळा इथे झाला. मनसुखभाईंची ओळ घालताना त्यांनी वेगळा साचा केलाच नव्हता. जुन्याच फाइलवर ती ओळ घातली, जुन्याच नावाने ठेवली, आणि विसरले. पहिली सीडी निघाली तेव्हा लावून पाहिली होती, नाही असं नाही. पडद्यावर 'मनसुख, हातातला गाठिया' आलं तेव्हा ते पोटभर हसले आणि म्हणाले, "अरे, ही मनसुखचीच इथे राहिली वाटतं." तिला बाजूला ठेवून बाकीचा गठ्ठा सगळ्या गावात वाटून टाकला.

सुट्टी संपली, कारखाने उघडले, आणि पहिला फोन आला तो वांकानेर रस्त्यावरच्या एका ऑफिसातून. मुलीचा आवाज. "प्रभुकाका, मनसुख कोण?"

"का गं?"

"आमच्याकडे कोणी मनसुख नाही. गाठियाही नाही, ढोकळा आहे. तर बटण दाबू की नको?"

भिंतीपलीकडे प्रभुभाईंनी "थोडं थांब" म्हणून फोन ठेवला. मी झेरॉक्स थांबवून तिकडे गेले, तर ते त्या बाजूला ठेवलेल्या सीडीकडे बघत उभे होते. कुठे काय चुकलं ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं. दुपारपर्यंत पाच-सहा फोन झाले. बहुतेक हसणारेच. एकाने विचारलं, "हा मनसुख नावाचा काही व्हायरस आहे का?"

तिसऱ्या प्रहरी फोन आला तो मनसुखलाल कावरांच्या ऑफिसातून.

मनसुखलाल कावर म्हणजे मोठं नाव. त्यांच्या कारखान्याची चिमणी गावात कुठूनही दिसते. आवाज असा की फोन न वापरताही पलीकडच्या कारखान्यात ऐकू जावा. वर्षापूर्वी त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या पत्नी मुक्ताबेन रोज ऑफिसात येऊन, कोपऱ्यातल्या खुर्चीवर माळ जपत, शेठ काय खातात यावर नजर ठेवायच्या. तळलेलं बंद, साखर बंद. फोनवर त्यांचे हिशेबनीस चंदुभाई कुजबुजत सांगत होते, "बाहेरगावचे व्यापारी बसलेले. मी तुमची सीडी घातली. शेठ म्हणाले, काय लिहिलंय मोठ्याने वाच. मी वाचलं."

"मग?" प्रभुभाईंचा आवाज बारीक.

"मग काय! 'मनसुख, हातातला गाठिया' एवढं वाचलं आणि मुक्ताबेननी माळ थांबवली. उठल्या, टेबलाला वळसा घातला, शेठचा हात टेबलाखालून वर काढला. आणि प्रभुभाई, हातात होता हो! तुम्ही लगेच या. शेठ बोलावतायत."

प्रभुभाई माझ्याकडे आले. "इलाबेन, चला माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"बाईमाणूस बरोबर असलं की शेठ जरा हळू ओरडतात."

गेलो. शेठ मुळीच हळू ओरडले नाहीत.

"कोणी सांगितलं तुला?" आम्ही दारात असतानाच त्यांनी सुरू केलं. "माझ्या ऑफिसातला कोण फितूर आहे? चंदू? चहावाला?"

"शेठ, कोणीच नाही. तो दुसरा मनसुख. वशरामभाईंकडचा कारकून."

"या गावात मी असताना दुसऱ्या मनसुखची काय गरज?"

प्रभुभाई म्हणाले, "शेठ, तो आधीपासूनच आहे."

"पुसून टाक ती ओळ! आत्ता, माझ्यासमोर!"

"पुसता येत नाही, शेठ. सीडीवर एकदा भाजलं की भाजलं. भट्टीतून निघालेल्या टाइलवरचं फूल तुम्ही पुसाल का?"

हे बोलायला नको होतं. शेठचा चेहरा लाल झाला. एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, शांत, माळ जपतानाचाच.

"पुसायचं कशाला?"

सगळे तिकडे वळले. मुक्ताबेन म्हणाल्या, "वर्षभर मी सांगतेय, डॉक्टर सांगतायत, मुलगा फोनवरून सांगतोय. कोणाचं ऐकलं नाही. डब्याने एकदा सांगितलं आणि पुडी सापडली. प्रभुभाई, ही सीडी रोज सकाळी आपोआप बोलेल असं करता येईल?"

"येईल, बेन. आत तशीच ठेवायची. सकाळी डबा सुरू केला की आधी ही ओळ येईल, बटण दाबलं की मग तो आपल्या रोजच्या कामाला लागेल."

"अगं पण—" शेठ म्हणाले.

"तुम्ही थांबा. आणि प्रभुभाई, त्यात आणखी लिहा, दुपारी झोपायच्या आधी चालून या. आणि चहात चोरून साखर घालू नका. आणि तीन वेळा लिहा, यांना एकदा सांगून पुरत नाही."

"अगं व्यापारी बसलेत समोर!"

व्यापाऱ्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "शेठ, आमच्या घरासाठीही एक मिळेल का विचारा."

असे आम्ही ओरडा खायला गेलो आणि काम घेऊन आलो. येताना प्रभुभाई लूनावर इतके बोलले, इतके बोलले, की दोनदा रस्ता चुकले.

पण त्यांचा हा आनंद आठवडाभरच टिकला. मनसुखभाईंकडून काही फोन नाही, निरोप नाही. रोज संध्याकाळी दुकानावर चहाला येणारा माणूस गल्लीतही फिरकेना. प्रभुभाई कारखान्यात गेले, तर मनसुखभाईंनी मान वर न करता म्हटलं, "काम असेल तर सांगा." सांगा! एका आंब्यावरून पडलेला माणूस 'सांगा' म्हणाला.

कारण नंतर वशरामभाईंकडून कळलं. मनसुखभाईंच्या मुलाचा साखरपुडा वांकानेरला झाला. पाहुण्यांत एक पोरगा तिथल्या टाइल्सच्या ऑफिसातला. त्याने ओळख करून देताना विचारलं, "गाठियावाले मनसुख ते तुम्हीच का?" आणि मांडवात हशा उसळला. सीडीच्या नकला तोवर वांकानेरला पोचल्या होत्या. व्याही हसले, विहीणबाई पदरात हसल्या. मनसुखभाईही हसले. मग जेवणात गाठिया वाढायला आले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. त्या माणसाने गाठियाला नको म्हटलं, हे ऐकून प्रभुभाई माझ्या बाकावर बसूनच राहिले.

"इलाबेन, मी त्याच्या एकट्यासाठी लिहिलं होतं हो," ते म्हणाले. "दोघांतली गोष्ट होती ती."

दुसऱ्या दिवसापासून लूना काढून ते कारखाने फिरू लागले. जुनी सीडी परत द्या, नवी साधी घ्या, असं सांगत. नव्या सीडीत एकही गंमत नव्हती. 'एक नंबर दाबा, दोन नंबर दाबा', बस. कोणी परत देईना. "ही काय सरकारी सीडी आणलीत? मनसुखवालीच राहू द्या," म्हणायचे. काहींनी तर परत दिली आणि आतून दुसरी नक्कल काढून दाखवली. चार दिवस उन्हात फिरून प्रभुभाईंच्या पिशवीत मूठभर सीड्या जमल्या, त्यांतली एक भजनांची निघाली.

शेवटी रविवारी त्यांनी आपला कॉम्प्युटर रिक्षात घातला, मला म्हणाले, "टायपिंगला चला," आणि आम्ही मनसुखभाईंच्या घरी गेलो. मनसुखभाई ओसरीवर हिंडोळ्यावर बसले होते. त्यांनी पाय टेकवून हिंडोळा थांबवला, पण "या" म्हणाले नाहीत. त्यांच्या पत्नीने पाणी आणलं. प्रभुभाईंनी तारा जोडल्या, पडदा सुरू केला, ती ओळ उघडली आणि सबंध पुसली.

"मनसुख, ही जागा रिकामी केली," ते म्हणाले. "आता तू सांग. माझ्याबद्दल जे वाटेल ते. इलाबेन टाइप करतील, मी हात लावणार नाही. आणि हाच साचा गावभर जाईल."

मनसुखभाईंनी पायाने रेटा दिला. हिंडोळा एकदा मागे गेला, पुढे आला.

"काहीही?" त्यांनी विचारलं.

"काहीही."

"शिवी चालेल?"

"इलाबेनना चालत असेल तर."

मी म्हटलं, "मनसुखभाई, घरात पाहुणे येणार आहेत, सून येणार आहे. जरा बेताची द्या."

ते विचार करू लागले. असा विचार करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मध्येच म्हणाले, "लिहा, प्रभुलाल गाढव आहे." मी लिहिलं. "नको, पुसा. हे सगळ्यांना माहीत आहे." चहा आला. त्यांनी बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायला. मग बशी खाली ठेवली आणि एकेक शब्द सावकाश सांगितला: "हा डबा प्रभुलालने दुरुस्त केला आहे. जपून."

मी टाइप केलं. प्रभुभाईंनी वाचलं. "लेका मनसुख," ते म्हणाले, "हे वाचून मला काम कोण देईल?"

"काहीही, म्हणालास."

"म्हणालो."

"मग भाज."

आतून मनसुखभाईंच्या पत्नी आधी हसल्या, मग मला आवरेना. मनसुखभाईंनी एकदम, फार दिवसांचं साठलेलं असावं तसं, हसायला सुरुवात केली, हिंडोळ्याच्या कड्या वाजू लागल्या. प्रभुभाई पडद्याकडे बघत म्हणत होते, "निदान 'जपून' तरी काढ! नुसतं दुरुस्त केलंय एवढं राहू दे!"

"एक अक्षर हलणार नाही," मनसुखभाई म्हणाले, आणि आत बघून ओरडले, "अगं, गाठिया आहेत का घरात? याला दे थोडे. मलाही दे."

नवी सीडी मात्र लोकांनी हातोहात घेतली, जुनी टाकून. आठ दिवसांत गावातले सगळे डबे सकाळी उठून 'जपून' म्हणू लागले. प्रभुभाईंना फोन यायचे, "खरंच काही धोका आहे का?" आणि त्यांना प्रत्येकाला समजवावं लागायचं. काम मात्र काही कमी झालं नाही. मुक्ताबेनच्या सीडीला कोणी हात लावला नाही; ती मनसुखलाल शेठसाठी वेगळीच राहिली, आणि चंदुभाई ती रोज सकाळी नेमाने, मोठ्याने वाचत.

मनसुखभाईंच्या मुलाचं लग्न माघात झालं. वरातीत प्रभुभाईंना बजावून नेलं होतं की वांकानेरला कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही. पहिल्या पंक्तीपर्यंत त्यांनी पाळलं. दुसऱ्या पंक्तीला ते व्याह्यांच्या घरचा बंद पडलेला रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते आणि भोवती बाया-माणसांचा गराडा होता.

मग फ्लॉपी गेली, सीडी गेली, बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये सगळं मावायला लागलं. माझं टायपिंगही गेलं, झेरॉक्स तेवढं राहिलं. प्रभुभाईंचं दुकान दोन वर्षं अर्धं रिकामं होतं. तेव्हा कारखान्यांत टाइलवर चित्र छापणारी नवी यंत्रं आली, थेट इटलीहून, आणि ती बसवायला दोन इटालियन माणसं. त्यांना गुजराती येईना, कारखान्यात कोणाला इटालियन येईना, आणि दोघं रोज तोंड पाडून डाळ-भात खात. मनसुखलाल शेठनी प्रभुभाईंना बोलावलं, म्हणाले, "यंत्राचं नंतर बघ. आधी यांना बोलतं कर."

प्रभुभाईंनी केलं. कसं ते विचारू नका. महिनाभरात ते दोघं काठियावाडी शिव्या शुद्ध उच्चारांत देऊ लागले आणि प्रभुभाई हात उडवून इटालियन बोलू लागले. त्यातून त्यांचं यंत्रही शिकून झालं, आणि प्रभुभाई अजून त्या यंत्रांचंच काम करतात. ते दोघं इटालियन कधीच आपल्या देशी परत गेले, पण दिवाळीला त्यांचा फोन येतो. प्रभुभाई फोन कानाला लावून गल्लीत येरझाऱ्या घालतात, रसीलाभाभी गच्चीतून हाक मारतात, पान वाढलंय म्हणून. पलीकडचा काय बोलतो आणि हे काय बोलतात ते त्या दोघांनाच ठाऊक, पण अर्धा-अर्धा तास चालतं.